राणीची हनुवटी

एका तालुक्याच्या गावात यदुनाथराव बिवलकर नावाचे एक घड्याळजी राहत. घड्याळं दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा आणि पोस्टाची जुनी तिकिटं जमवणं हा त्यांचा नाद. भिंग दोन्ही कामांना एकच. दुपारपर्यंत ते लोकांच्या घड्याळांत डोकावायचं आणि दुपारनंतर इंग्रजांच्या राणीचं तोंड निरखत बसायचं. मनोरमाबाईंचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं म्हणणं असं की एवढं निरखून यांनी आपल्याकडे लग्नाच्या दिवशीसुद्धा पाहिलं नव्हतं.

गावात तिकिटं जमवणाऱ्यांचं एक मंडळ होतं. दर रविवारी सकाळी ते वाचनालयाच्या माडीवर जमायचं. त्यात डॉक्टर होते, वकील होते, कापडाचे दुकानदार होते. परक्या माणसाला त्यांची सगळी तिकिटं सारखीच दिसत. तीच राणी, तोच मुकुट, तोच रंग. पण या मंडळींचा सगळा जीव फरकात अडकलेला. एखादं तिकीट उजेडाकडे धरलं की कागदात हत्तीचं डोकं दिसे, एखाद्यात दिसत नसे. तेवढ्यावरून दोन भल्या माणसांत महिनाभर अबोला होई.

यात सगळ्यांत मानाचं होतं ते चार आण्यांचं हिरवं तिकीट. ते दोन ठशांवरून छापलेलं होतं. पहिल्या ठशात राणीच्या ओठाच्या कोपऱ्यातली रेघ फक्त खाली उतरते आणि हनुवटी टोकदार असते. दुसऱ्या ठशात ती रेघ वरही जाते, खालीही जाते आणि हनुवटी गोलसर असते. मंडळात पहिल्या ठशाचा तोरा मोठा होता आणि त्या ठशाचं तिकीट फक्त यदुनाथरावांकडे होतं.

तेही साधंसुधं नव्हे. कधी पत्रावर न चिकटवलेलं, कोरं, पाठीवरचा मूळ गोंद शाबूत असलेलं. सासऱ्यांनी लग्नात घातलेली अंगठी देऊन त्यांनी ते मुंबईच्या एका फिरत्या व्यापाऱ्याकडून घेतलं होतं. हनुवटी तर अशी टोकदार की भिंग लावायची गरज नाही. एकच गोष्ट जरा खटकायची. ओठाची रेघ खालीही जात होती आणि वरही जात होती. पण त्याचं उत्तर यदुनाथरावांकडे तयार होतं.

"छापताना शाई फिसकटली," ते म्हणत. "रेघ फसवते. हनुवटी फसवत नाही."

मोठ्या माणसानं ठासून सांगितलेली गोष्ट लोक फार तपासत नाहीत. मंडळात तोच नियम झाला.

मग कुणालाही चार आण्यांचं हिरवं तिकीट मिळालं की तो ते घेऊन यदुनाथरावांकडे येई. यदुनाथराव आपलं तिकीट शेजारी ठेवत, भिंग डोळ्याला लावत आणि मान हलवत. "हनुवटी कमी पडते. दुसरा ठसा." बिचारा तिकीट घेऊन माडी उतरे. इतक्या वर्षांत एकाही तिकिटाची हनुवटी पुरी पडली नाही, याचं कुणाला नवल वाटलं नाही. उलट त्यामुळे यदुनाथरावांच्या तिकिटाची कीर्तीच वाढत गेली.

आबाजी कोरगावकर वकील हे यदुनाथरावांचे शाळेपासूनचे मित्र. त्यांनाही एकदा असं तिकीट मिळालं. जुन्या पत्राच्या पाकिटावरून सोडवलेलं, शिक्का मारलेलं. ओठाची रेघ नीट खाली उतरणारी. आबाजी खुशीत माडी चढले. यदुनाथरावांनी भर मंडळात दोन तिकिटं शेजारी ठेवली आणि नेहमीसारखी मान हलवली.

"आबाजी, हनुवटी कमी पडते."

मागून कुणीतरी हसत म्हणालं, "वकीलसाहेबांना कच्ची केस पक्की म्हणायची सवयच आहे." सगळे हसले. यदुनाथरावही हसले.

आबाजींनी तिकीट उचलून खिशात ठेवलं. कोर्टात तास तास बोलणारा तो माणूस तिथे एवढंच बोलला. "माझं पाण्यातून आलंय, यदू. तुझं?"

त्यानंतर ते कधी माडी चढले नाहीत.

आबाजी काय बोलले ते मंडळात सगळ्यांना कळलं होतं. पत्रावर चिकटलेलं तिकीट पाण्यात भिजवूनच सोडवतात. हातानं भरलेला रंग असला तर तो पाण्यात सुटतो, छापाची शाई जागची हलत नाही. म्हणजे आबाजींच्या तिकिटाची परीक्षा झालेली होती. पण कोरं तिकीट कुणी पाण्यात घालत नाही. घातलं तर पाठीचा गोंद जातो, आणि गोंद गेला की मानही जातो. तेव्हा यदुनाथरावांचं तिकीट पाण्यात घालायला सांगणं म्हणजे नव्या नवरीला तोंड धुऊन ये म्हणण्यासारखं होतं. आबाजी चिडून बोलले, असं लोक म्हणाले. काही जण त्याहून वाईट बोलले. दुसऱ्या ठशाचं तिकीट पहिल्याचं म्हणून खपवायला आला होता, असं म्हणाले. लहान गावात असलं बोलणं माणसाला जन्मभर चिकटतं. बाजारात दोघे समोरासमोर आले की एक जण भाजीकडे बघे आणि दुसरा आभाळाकडे.

अशी बरीच वर्षं गेली आणि आबाजी वारले. यदुनाथराव स्मशानात गेले, सगळ्यांच्या मागे उभे राहिले आणि घरी आले.

पुढच्या महिन्यात आबाजींची मुलगी कुमुद त्यांच्या घरातल्याच दुकानात आली. ती बेळगावला दिलेली. वडिलांचा संग्रह वाचनालयाला द्यायचा तिनं ठरवलं होतं. मंडळाचं वार्षिक प्रदर्शन जवळ आलं होतं, त्यात तो लोकांना दाखवायचा होता. तिनं एक हिरवं तिकीट जपून यदुनाथरावांसमोर ठेवलं.

"काका, प्रत्येक तिकिटाखाली नाव लिहायचंय. या एकाखाली बाबांनी जागा मोकळीच ठेवलीय. काय लिहू?"

"मी तेव्हाच सांगितलं होतं, बाळ."

"हो. म्हणून तर तुमच्याकडे आले. तुम्ही सांगाल तेच लिहीन. फक्त एकदा परत बघा."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर यदुनाथरावांना सोपं गेलं असतं.

ती गेल्यावर त्यांनी भिंग लावलं आणि सवयीनं आपलं तिकीट शेजारी घेतलं. हनुवटी कमीच पडत होती. मग काय वाटलं कोण जाणे, त्यांनी आपलं तिकीट बाजूला सारलं आणि आबाजींचं एकटंच पाहिलं. ओठाची रेघ फक्त खाली. हनुवटी बेताची टोकदार. पुस्तकात लिहिलं होतं त्यात कुठे उणं नव्हतं.

मग त्यांनी आपलं तिकीट घेतलं आणि ते दुसऱ्या कुणाचं आहे असं समजून पाहिलं. एवढ्या वर्षांत हे त्यांनी कधी केलं नव्हतं. राणीच्या गालावरच्या बारीक रेघा एकीशेजारी एक, सारख्या अंतरानं चालल्या होत्या. हनुवटीपाशी मात्र दोन रेघा जराशा जाड होत्या आणि बाकीच्यांच्या चालीत चालत नव्हत्या. दुसऱ्याच्या घड्याळात चाकाचा असा बेताल दाता दिसता तर यदुनाथरावांनी तो लांबून ओळखला असता. त्यांनी डोळ्यावरचं भिंग काढलं. समोरच्या चहावर साय धरली होती.

अजूनही वाट मोकळी होती. "दुसरा ठसा" एवढं म्हटलं की काम भागत होतं. कुमुदनं तसं लिहिलं असतं आणि कुणी काही विचारलं नसतं. आबाजी विचारायला येणार नव्हते. पण आबाजींच्या नावाखाली ते खोटं कायमचं काचेत बसलं असतं.

खात्री करायला पाणीच हवं होतं, आणि त्यात दोन्हीकडून मरण. तिकीट खरं निघालं तर गोंद गेला. खोटं निघालं तर आपण गेलो. शेवटी त्यांनी स्वयंपाकघरातून वाटीभर पाणी आणलं आणि दुकानाचं दार लोटून घेतलं. मनोरमाबाई मागोमाग आल्या. त्यांनी विचारलं तेव्हा यदुनाथरावांनी सगळं सांगून टाकलं.

मनोरमाबाईंनी वाटी तिकिटापासून लांब सारली. मग म्हणाल्या, "अहो, घरात घातलंत तर घरालाच कळेल. आबाभाऊजींना कमी लेखलंत ते माडीवर ना?"

यदुनाथरावांनी वाटीतलं पाणी मोरीत ओतलं.

प्रदर्शनाच्या दिवशी माडी माणसांनी भरली होती. यदुनाथरावांचं तिकीट दरवर्षीसारखं मधोमध, काळ्या मखमलीवर काचेखाली होतं. यदुनाथराव आले, त्यांनी काच उचलली आणि एका पांढऱ्या बशीत पाणी मागितलं.

"आज हे पाण्यात घालणार आहे," ते म्हणाले.

मंडळाचे अध्यक्ष असलेले डॉक्टर धावत पुढे आले. "अहो, काय करताय! गोंद जाईल!"

"जाऊ दे. त्या गोंदाच्या आडच मी आजवर लपलोय."

त्यांनी तिकीट बशीत सोडलं. माणसं माना उंच करून पाहू लागली. गोंद विरघळला, पाणी किंचित गढूळ झालं, पण राणी होती तशीच राहिली. "बघा, अस्सल आहे!" कुणीतरी म्हणालं. यदुनाथरावांचा जीव भांड्यात पडला. खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांना कुमुदची आठवणही राहिली नाही. गोंद उगाच घालवला याचंच त्यांना वाईट वाटलं.

मग हनुवटीखालून हिरवा रंग सुटला. आधी दोऱ्यासारखा, मग पसरत. त्यांनी बोटानं बशी जराशी हलवली आणि उरलेला रंगही निघून गेला. राणीची हनुवटी चांगली गोल झाली. भिंगाची गरजच उरली नाही.

यदुनाथराव नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "दुसरा ठसा. कुणाचं? माझं." त्यांनी बशी सगळ्यांना दिसेल अशी पुढे सरकवली. "कुणीतरी हिची हनुवटी हातानं ओढली होती, आणि खऱ्याहून जास्त ओढली होती. म्हणून हिच्याशेजारी खरी हनुवटी कधी पुरी पडलीच नाही. मी तुमची तिकिटं हिच्यावरून नापास केली. ती सगळी पुन्हा बघायला हवीत. आणि आबाजीचं तिकीट पहिल्या ठशाचं आहे. मी हसलो तेव्हाही ते पहिल्याच ठशाचं होतं."

एक कापडवाले कपाळावर हात मारून म्हणाले, "माझं तर मी भाच्याला पतंगावर चिकटवायला देऊन टाकलं हो!" लोक हसले. यदुनाथराव हसले नाहीत. ज्याचं तिकीट पतंगाबरोबर गेलं त्याला ते आता काय परत देणार होते?

कुमुद पुढे आली आणि तिनं लेखणी त्यांच्यापुढे धरली. "काका, तुम्हीच लिहा."

आबाजींच्या तिकिटाखालच्या मोकळ्या जागेत त्यांनी लिहिलं: 'चार आणे. पहिला ठसा. आबाजी कोरगावकर यांच्या संग्रहातून.' अक्षर चांगलं आलं. मग त्यांनी आपलं तिकीट टिपकागदावर वाळवून त्याच्याच शेजारी लावलं आणि खाली लिहिलं: 'दुसरा ठसा. हनुवटी हातानं काढलेली होती. यदुनाथ बिवलकर यांना ते कळलं नाही.' त्या वर्षी सगळ्यांत जास्त गर्दी त्या दोन तिकिटांपुढे झाली. दोन ठशांतला फरक गावाला तिथे एकदाचा कळला.

घरी परतताना मनोरमाबाई म्हणाल्या, "म्हणजे अंगठी गेली म्हणायची."

"गेली."

"जाऊ दे. तुमच्या बोटाला ती सैलच होती."

त्यानंतरही लोक यदुनाथरावांकडे तिकिटं घेऊन येत राहिले. पूर्वीपेक्षा जास्तच येऊ लागले. ते आता कुणाचंही तिकीट पाहण्याआधी समोरच्याला विचारत, "मी चुकतोय असं वाटलं तर इथेच सांगाल ना?" आणि समोरचा हो म्हणेपर्यंत भिंगाला हात लावत नसत. पुन्हा पाहिलेल्या तिकिटांतली काही पहिल्या ठशाची निघाली, त्यांच्या धन्यांनी पेढे वाटले. फक्त आबाजींची माफी मागायची राहून गेली होती. ती आता कुठल्या माडीवर जाऊन मागायची, हे यदुनाथरावांना शेवटपर्यंत कळलं नाही.

तात्पर्य: ज्या मापानं आपण दुसऱ्यांना मोजतो ते माप आधी स्वतः तपासून घ्यावं. आणि चारचौघांत कुणाला खोटं ठरवलं असेल, तर तो माणूस हयात आहे तोवरच चारचौघांत त्याची माफी मागावी.