भावाची शीळ

थोरल्याचं काय चुकलं, असं विचारणाऱ्यानं गोष्ट अर्धीच ऐकलेली हाय. चुकलं म्हणजे चुकलंच! आणि "माशाला कसलं आलंय नाव" म्हणत दात काढणाऱ्यानं तर तोंडच मिटावं. एक तर डॉल्फिन मासा नव्हं, श्वास घ्यायला त्याला वर यावं लागतं. आणि नाव त्याला असतं. आता पुरी ऐका.

एका खाडीच्या तोंडाशी डॉल्फिनांचा कळप होता. पिल्लू आईच्या कुशीला असतानाच स्वतःची एक शीळ बसवायचं. ती शीळ म्हणजेच त्याचं नाव. त्यानं स्वतः वाजवली की अर्थ व्हायचा, "मी इथं हाय." आणि दुसऱ्या कुणी तीच शीळ हुबेहूब वाजवली, की ती झाली त्याला हाक.

त्या कळपात दोन भाऊ होते. थोरल्याची शीळ खालून सरळ वर चढायची, धाकट्याची वर जाऊन दोन गिरक्या घ्यायची. शिकार दोघांची जोडीनं. बोय माशांची झुंड दिसली, की धाकटा मागून हाकायचा आणि थोरला पुढं आडवा व्हायचा.

एक दिवस थोरल्याला दम निघाला नाय. आडवा व्हायच्या आधीच तुटून पडला, आणि सगळी बोय फुटून पळाली.

"आंधळा हायेस का रे? नीट हाकता येत नाय?" तो धाकट्यावरच खेकसला.

"माझ्यावर काय ओरडतोस, दादा? घाई तुझ्या पोटाला!" असं म्हणून धाकट्यानं सगळ्या कळपादेखत थोरल्याची शीळ वाकडीतिकडी करून वाजवली. कळप खदाखदा हसला.

थोरल्याच्या अंगाची आग आग झाली. "तू मला मेलास! आजपासून तुझी शीळ माझ्या तोंडातून निघणार नाय!"

"शीळ तोंडातून कुठं निघते? डोक्यातून निघते."

"डोक्यातून पण नाय!"

ओहोटी लागली की कळप खाडीतून बाहेर पडायचा. तेव्हा ज्यानं त्यानं आपली शीळ द्यायची, आणि जो मागं राहिला त्याला त्याच्या जोडीदारानं हाक मारायची, ही रीत. त्या दिवशी वरून गढूळ पाणी आलेलं. स्वतःचं शेपूट दिसत नव्हतं. धाकटा रुसून तिवरांच्या झाडीत शिरणाऱ्या खाडीच्या एका चिंचोळ्या फाट्यात शिरला होता. पाणी उतरायला लागलं तसा तो भांबावला. बाहेर कुठून जायचं, कळेना. त्यानं शीळ घातली, "मी इथं हाय!"

थोरल्यानं ती ऐकली. कळप पुढं गेला होता, पण हा खाडीच्या तोंडाशी आडव्या पडलेल्या वाळूच्या दांड्याबाहेर, खोल पाण्यात थांबला होता. "स्वतःचंच नाव घेतोय बघा," तो फुणफुणला. "माझं घे की! मग बघू." आणि त्यानं पण आपलीच शीळ फुंकली, "मी इथं हाय!"

धाकट्याला वाटलं, दादा अजून आपलाच तोरा मिरवतोय. त्याला माझी काय पडलीय? तो फाट्यात आणखी आत गेला.

कळपातली एक म्हातारी मागं रेंगाळली होती. तिची शीळ आता फाटलेली, लांब जायची नाय. ती थोरल्याच्या अंगावर आली. "अक्कल गहाण ठेवलीत का रे? दोघं पण आपलंच नाव बडवताय. ह्यात हाक कुठं हाय?"

"आत्ये, आधी त्यानं..."

"आधी त्यानं? पोट चिखलाला टेकल्यावर तो येणाराय का सांगायला, आधी कोण ते?"

वाळूच्या दांड्याची पाठ पाण्यावर दिसायला लागली होती. आतून पुन्हा धाकट्याची शीळ आली. ह्या वेळी एकच गिरकी झाली, दुसरी मधेच तुटली.

थोरल्यानं ओळखलं, हा अडकलाय. राग कुठल्या कुठं गेला. त्यानं सगळा जीव एकवटून धाकट्याची शीळ वाजवली. वर, एक गिरकी, दुसरी गिरकी. फक्त शेवट जरा चढला, त्याच्या स्वतःच्या शिळेसारखा.

त्या चढावरूनच धाकट्यानं ओळखलं. ही नक्कल दादाची! "मी इथं हाय!" त्यानं उत्तर दिलं आणि आवाजाच्या रोखानं सुटला. थोरला वाजवत राहिला, धाकटा सरकत राहिला. दांड्यावरून घसटत येताना त्याचं पोट सोलवटलं. तो वण जन्मभर राहिला. पण आला बाहेर.

"शेवट चुकवलास, दादा," तो धापा टाकत म्हणाला.

"निघालास ना? मग गप."

मग धाकट्यानं थोरल्याची शीळ वाजवली. सरळ. पार सरळ.

तात्पर्य पाहिजे? घ्या: आपल्या नावाचा ढोल कुणीही पिटतो, पण अडकलेला सुटतो तो दुसऱ्यानं त्याचं नाव घेतल्यावर. आणि आधी कुणी घ्यायचं? जो खोल पाण्यात सुखरूप उभा हाय त्यानं.

म्हणजे तू. ऊठ. ज्याच्याशी बोलणं टाकलंयस त्याच्या दारात जा आणि त्याला नावानं हाक मार. उद्या नाय, आत्ता.