गोमीआयचा उपाशी खेकडा

फार वर्षं झाली या गोष्टीला. किती, ते मला विचारू नका, माझ्या आजोबांनाही ठाऊक नव्हतं. खाडीकाठी आपलं गाव तेव्हाही होतं, दोन आळ्यांचं. वरली आळी आणि खालची आळी. समोर भातशेती, आणि शेती नि खाडी यांच्या मधे मातीचा लांबलचक बांध. अर्धा बांध वरल्यांनी राखायचा, अर्धा खालच्यांनी.

राखतही होते हो! आपापला अर्धा असा चोपून काढायचे की बघत राहावं. पण दोन अर्धे मिळतात तो सांधा कुणाचा? वरले म्हणायचे खालच्यांचा, खालचे म्हणायचे वरल्यांचा. नेमकी तिथेच खेकड्यांनी बिळं केली आणि सांधा गळायला लागला.

त्यात अमावास्येचं उधाण तोंडावर आलं. खारं पाणी एकदा शेतात शिरलं की पुढची दोन-तीन वर्षं भाताचं नाव नको. अख्ख्या गावाला पोटासाठी देशोधडीला लागावं लागलं असतं. तरी दोन्ही आळ्या हटून बसल्या. आम्हीच का हात लावायचा, म्हणे. घ्या!

गावात गोमीआय नावाची म्हातारी होती. तिला ना शेत, ना लेकरू. ती गोष्टी सांगायची आणि सुगीला दोन्ही आळ्या तिच्या सुपात भात घालायच्या. तोंडाची मोठी फटकळ. पण ती गोष्टीला बसली की घरोघर चुलीवरचं करपायचं, असं म्हणतात.

उधाणाच्या दिवशी, पाणी ओहोटलेलं असताना, गोमीआय सांध्यावर जाऊन बसली. गळत्या भोकाला पाठ लावली आणि मोठ्यानं सुरू झाली, "एक होता खेकडा. त्याला दोन सासुरवाड्या!"

गोष्ट म्हटल्यावर घरात कोण थांबतंय? वरले आले, खालचेही आले.

"एका दारी गेला की सासू म्हणायची, जावईबापू, आज तुमचं पान तिकडे. तिकडे गेला की ती म्हणायची, छे बाई, पान तिकडेच! बिचारा मधल्या वाटेवर उपाशी. अरे, हुंकार द्या की!"

"हूं," सगळे म्हणाले.

"नुसत्या तोंडाचा हुंकार मला नको. एका हुंकाराला मातीचं एक ढेकूळ. नाहीतर ही मी गप्प बसले."

आता चिकणमाती होती खालच्यांच्या बाजूला आणि पेंढा वरल्यांच्या खळ्यात. पेंढ्यावाचून माती धरत नाही. गोष्ट अडली तशी वरल्या आळीचा म्होरक्या चांगो मुकाट्यानं पेंढ्याचा भारा घेऊन आला. खालच्या आळीचा जोमा त्याच्याशी बोलत नसे. त्यानं चांगोच्या हातात माती ठेवली आणि म्हणाला, "हूं." चांगोही म्हणाला, "हूं." मग दोघांना हसूच फुटलं. त्या सासवा म्हणजे आपणच, हे न कळायला ते काय दूधखुळे होते?

रांग लागली. बायका, माणसं, पोरं, आळी कुठली ते कुणी बघेना. हुंकारामागून हुंकार, ढेकळामागून ढेकूळ. भरती चढत चढत बांधाच्या माथ्याला टेकली. माती अजून ओली होती. एक लाट आत आली असती तर सगळं गेलं असतं. पण गोमीआय सांगतच राहिली. आणि असं म्हणतात, की पाणी तिथेच थांबलं आणि खाडीतून मोठा आवाज आला, "हूं!"

तिचा घसा बसला तरी ती थांबली नाही. पाणी उतरलं तेव्हा चांगोनं विचारलं, "आय, मग खेकडा जेवला का गं?"

तिनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. "चूप मेल्या! गोष्ट संपली की ऐकणारा उठतो. खाडीतून हूं म्हणाला तो उठला तर बांधाच्या आत येईल."

म्हातारी गेली, पण शेवट कुणाला सांगून गेली नाही. आजही बांधबंदिस्तीला दोन्ही आळ्या आधी सांध्यावरच जमतात. कुणीतरी जाणतं माणूस खेकड्याची गोष्ट गेल्या वर्षी सोडली तिथून पुढे नेतं, आणि एकेका ढेकळाला हुंकार पडतो. नव्या भाताचा पहिला घास आपण गोमीआयच्या नावानं तिथे ठेवतो. बाई, तुझे उपकार फिटायचे नाहीत. खेकडा अजून उपाशीच आहे बाबांनो, म्हणून तर आपण जेवतोय.