थोरली फियाट आणि धाकटी मारुती

गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे, त्या काळी मिरजेच्या चौगुल्यांकडे एक फियाट आली. पुढे तिच्या शेजारी छोटी पांढरी मारुती येऊन राहिली. दोघींचं बरं चाललं होतं. पण रस्ता रुंद करायचं ठरलं, गाड्यांची निम्मी शेड जाणार होती आणि एकीला घर सोडावं लागणार होतं.

"मीच राहणार," फियाट म्हणाली. "सुमतीबाई नवरी होऊन माझ्यातूनच या घरात आल्या. पोरं दाटीवाटीनं बसून महाबळेश्वरला गेली ती माझ्यातूनच. तू काय केलंस?"

"बाई गाडी चालवायला शिकल्या त्या माझ्यावर," मारुती म्हणाली. "त्यांची आई आजारी होती तेव्हा रोज एकट्या सांगलीला जायच्या. कुणाची वाट बघावी लागत नसे."

इतकी वर्षं बाई आपल्यात बसल्या, पण कायम डावीकडे, हे फियाटच्या आत्ता ध्यानात आलं.

"मग तूच राहा," ती हळूच म्हणाली.

चौगुल्यांनीही तेच ठरवलं. कोल्हापूरचे एक गृहस्थ जुन्या गाड्या हौसेनं सांभाळत, फियाट त्यांच्याकडे जाणार होती. निघताना चौगुले सवयीनं उजवं दार उघडू लागले, तशा सुमतीबाई म्हणाल्या, "आज मी चालवते हो हिला."

"अगं, हिचा गिअर स्टिअरिंगला आहे. जमेल?"

"शेजारी बसून सांगा की तुम्ही."

फाटकात एक हिसका बसला, मग गाडी सुरळीत निघाली. कोल्हापूर जवळ येऊ लागलं तसं फियाटला वाटलं, रस्ता आज जरा लांबला तर बरं.