साखरेच्या जागी मीठ

खीर पुन्हा खारट झाली, तेव्हा सोनघळच्या उदाजीराजांनी मुदपाकखान्यातल्या नारंभटांना झारा खाली ठेवायला सांगितलं.

नारंभटांचा हात फळीवर न बघता जायचा. दुसरी बरणी साखरेची, तिसरी जिऱ्याची. दुकानात गल्ल्यावर बसणाऱ्या कुणालाही विचारा, हात आधी पोचतो, डोळे मागून येतात. पण राजांना नवी हौस लागली होती. वाड्यात जे जे ओळीनं असेल, त्यावर नावाची चिठ्ठी डकवायची आणि अक्षरक्रमानं लावायचं! त्यात साखरेच्या जागी मीठ आलं, जिऱ्याच्या जागी साखर.

नारंभटांची लेक चिमा तडक राजांपुढे उभी राहिली. "फोडणी तडतडत असताना चिठ्ठी वाचत कोण बसतं, महाराज?"

राजे हट्टाला पेटले. "आमचा हुकूम चुकला असं आम्हीच भर दरबारात म्हणालो, तर झारा तुझ्या बापाचा. उद्यापर्यंत मुदत."

"हुकूम साऱ्या वाड्याला लागू ना?"

"साऱ्या वाड्याला!"

मग दरबारातली माणसंही ओळीनंच बसतात, ती लावायची राहिलीत, ते काम मला द्या, असं चिमा म्हणाली. हुकूम कुणीतरी मनावर घेतला म्हणून राजे खूशच झाले.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक पगडीवर चिठ्ठी. राजांच्या उजवीकडे एरवी विडा देणारा तबकदार विठोजी असे, डावीकडे कारभारी रामाजीपंत. आज उजवीकडे आले आबाशास्त्री वैद्य, डावीकडे अंतोजी भालदार.

राजांनी सवयीनं विड्यासाठी उजवा हात पुढे केला. वैद्यबुवांनी मनगट धरलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "पित्त वाढलंय. गोड बंद."

राजांनी हात ओढून घेतला, पण हुकमाला बोल लावला नाही. दाराशी उभी चिमा उंबऱ्यापर्यंत पुढे सरकली. गेला का बाबांचा झारा?

तेवढ्यात राजे डावीकडे झुकून हळूच पुटपुटले, "सासरेबुवा परत कधी जाणार हो?"

अंतोजीचा जन्म गेला ललकाऱ्या देण्यात. त्यानं छाती भरून आरोळी ठोकली, "महाराज विचारतात, सासरेबुवा परत कधी जाणार हो!"

सासरेबुवा समोरच लोडाला टेकले होते. ते सावरून बसले.

"अंत्या, तू? कारभारी कुठायत?"

"पार तिकडे, महाराज. माझ्या पगडीवर चिठ्ठी आहे की."

"अरे, बोलताना चिठ्ठी वाचत कोण बसतं! कसला हा चुकीचा हुकू..."

राजांची जीभ तिथंच अडली. त्यांनी दाराकडे पाहिलं.

चिमानं मान लववली. "फोडणी देतानाही तसंच होतं, महाराज."

आधी सासरेबुवा खो खो हसले, मग राजे असे हसले की पगडी घरंगळली. बरण्या जागेवर गेल्या आणि नारंभटांच्या हातात झारा आला, वर सोन्याचं कडं. तुला काय हवं म्हणून विचारलं, तर चिमा म्हणाली, "सासरेबुवांना जेवायला ठेवून घ्या. आज खीर गोड आहे."