भिवरेचं लिंबू

भिवरेचं कुणी ऐकलं नाही. घसा कोरडा पडेपर्यंत सांगत होती बाई, तरी कुणी ऐकलं नाही. ऐकलं असतं तर ही गोष्टच झाली नसती.

धामणटेकला गाडीवाट नव्हती आणि कपाळाचं कुंकू गावातच होत असे, तेव्हाची ही गोष्ट. भिवरा कुंकू करायची. हळकुंडं दळायची, चुन्याच्या निवळीत भिजवायची, सावलीत वाळवायची. हळद चुन्यानं लाल व्हायची, पण विटेसारखी, भडक नाही. सात गावांच्या बाया तेच लावायच्या. असं म्हणतात, तिचं कुंकू लावून निघालेल्या बाईला साप वाट सोडायचा.

हिंगूळ हा शब्द तेव्हा गावात कौतुकाचा होता. पिकली मिरची हिंगूळ, उन्हातून आलेल्या पोरीचे गाल हिंगूळ, रागावलेल्या दादल्याचे डोळेसुद्धा हिंगूळ. खरं हिंगूळ म्हणजे दगडातून निघणारा भडक लाल रंग, पण तो कुणी पाहिलाच नव्हता. शब्द तेवढा तोंडात होता.

मग एक परका वाणी तो रंगच घेऊन आला. देवीच्या मुखवट्याला लावला, तर मुखवटा जिवंत दिसायला लागला, आणि बाया कुंकू म्हणून तोच घ्यायला लागल्या. भिवरेनं पुडी तळहातावर तोलून पाहिली. एवढीशी पुडी, पण लोखंडासारखी जड. हळद इतकी जड नसते, ती म्हणाली. बाया हसल्या. धंदा बसतोय म्हणून पोटात दुखतंय हिच्या, असं तिच्या तोंडावर म्हणाल्या.

त्याच साली भिवरेची एकुलती एक लेक चांगुणा पाटलाच्या घरात द्यायची ठरली. गावची रीत अशी, की नवरीच्या कपाळाला कुंकू लावायचं आणि गुळात चिमूटभर घालून तिच्या जिभेवर ठेवायचं. पुढं वर्षभर दर शुक्रवारी सासूनं तसंच द्यायचं. सासू म्हणजे पाटलीण उमाबाई. तिनं हिंगळाची पुडी काढली.

तेव्हा भिवरा भर मांडवात लिंबू घेऊन उभी राहिली. एका पानावर आपलं कुंकू ठेवलं, दुसऱ्यावर हिंगूळ, आणि दोन्हींवर लिंबू पिळलं. तिचं कुंकू बघता बघता पिवळं झालं. हिंगूळ होतं तसंच लाल.

"बघा," भिवरा म्हणाली, "माझ्यात हळद आहे, ती परत हळद होते. ह्यात नुसता दगड आहे. माझ्या लेकीला दगड चारू नका."

मांडवानं पाहिलं ते उलटंच.

"विहीणबाई," उमाबाई शांतपणे म्हणाली, "दोन थेंबांत पिवळं पडतं ते सौभाग्य आमच्या घरात नको. टिकतं ते खरं."

सगळ्यांना पटलं. भिवरेच्याच लिंबानं भिवरा खोटी ठरली. अपशकुनी म्हणून तिला मांडवाबाहेर काढलं, आणि आत लेकीच्या जिभेवर गूळ ठेवला.

वर्ष सरायच्या आत चांगुणेच्या हिरड्या सुजल्या. दात हलायला लागले. हात असे थरथरायचे की तांब्या धरवेना. गावातल्या आणखी सहा नव्या सुनांचं तेच झालं. भिवरा रोज पाटलाच्या दारात जाऊन उभी राहायची. दार उघडायचं नाही. शिमग्याच्या तोंडावर चांगुणा गेली, तेव्हा उघडलं.

असं म्हणतात, भिवरेनं लेकीला उचलून ओढ्यावर नेलं आणि तिचं कपाळ धुवायला घेतलं. लाल निघेना. तीन दिवस धुतलं. ओढा लाल वाहिला, खालच्या सात गावांच्या विहिरी लाल झाल्या, तरी कपाळ लालच. चौथ्या दिवशी लोक गेले, तर ओढ्यावर मायलेकी दोघीही नव्हत्या. नुसते दगड होते, लाल. ते अजून लालच आहेत.

त्या सहा सुनाही एकेक करून गेल्या. वाणी पुन्हा फिरकला नाही.

आता धामणटेकला कुठलंही कुंकू आधी पानावर घेतात आणि त्यावर लिंबू पिळतात. पिवळं पडलं तर कपाळाला, लालच राहिलं तर उकिरड्यावर. ह्याला भिवरेचं लिंबू म्हणतात. आणि हिंगूळ हा शब्द बाया शिवीसारखा वापरतात. वरून झगझगीत नवरामुलगा हिंगूळ, गोड बोलून घात करणारी जाऊ हिंगूळ.

एखादी नवी सून विचारतेच, सात पोरी गेल्या, चूक कुणाची? वाण्याचं नाव कुणाला ठाऊक नाही. उमाबाईचं नाव घ्यायची सोय नाही, तिच्या नातवंडांचीच घरं गावात मोठी. मग म्हाताऱ्या लिंबाच्या बिया काढत म्हणतात, एवढं कळत होतं तर तिनं नीट सांगायला नको होतं? भर मांडवात कुंकू पिवळं करून दाखवलं, मग कोण ऐकेल? असं म्हणतात, आणि नाव सांगतात: भिवरा.