वेशीबाहेरची माणसं

“...मग वेस उघडायला हवी होती का, बाबा?”

सरदार रायाजी ढमाले पुन्हा तेच विचारत होते. नियामतशा फकीर गोधडीला ठिगळ लावत बसले होते.

नूरपेठेचा वेढा नुकताच उठला होता. हे शहर पडतं तर सारा मुलूखच हातचा जाता. ते टिकलं, गनीम माघारी फिरला आणि लढाईचं पारडंच उलटलं. दरबारात रायाजींचा जयजयकार झाला. पण गनीम चालून आला त्या दिवशी त्यांनी वेस लावून घेतली होती, आणि तटाबाहेरचा कुंभारवाडा बाहेरच राहिला होता. फकीरही त्या लोकांतच होते.

“वेस उघडली असती तर त्यांच्या पाठोपाठ गनिमाची घोडी आत घुसली असती.”

“घुसली असती.”

“शहर बुडालं असतं.”

“बुडालं असतं.”

“म्हणजे मी केलं ते बरोबरच!”

फकिरांनी दातांनी दोरा तोडला.

“मग एवढ्या उन्हातान्हाचा इथवर का आलास, रायाजी?”

“आवाज येत होते,” रायाजी हळूच म्हणाले. “वेशीवर मुठी आपटत होते लोक. एक बाई पोराला हाका मारत होती... सुभान्या, सुभान्या म्हणून.”

फकीर उठले. “चल.”

जळालेल्या कुंभारवाड्यात दोन-चार घरांवर नवं छप्पर चढत होतं. विहिरीवर एक बाई पाणी शेंदत होती.

“भागू, पाहुणे आलेत.”

भागूने वळून पाहिलं.

“वेस लावली ती ह्यांनीच ना?”

“ह्यांनीच.”

रायाजींची मान खाली गेली. “बाई... तुमचा सुभान्या?”

“वेशीपाशीच गेला.”

रहाट कुरकुरत थांबला. भागूने भरलेली कळशी कमरेवर घेतली आणि पुढे आली.

“ओंजळ धरा, सरदार.”

रायाजींनी हात पुढे केले, पण ओंजळ जुळेना. भागू कळशी कलती करून तशीच उभी होती.

“बाबा, हिच्या हातचं पाणी मी कुठल्या तोंडानं पिऊ? आधी एवढं सांगा... मी बरोबर होतो, की चुकलो?”

फकिरांनी त्यांच्या कोरड्या ओठांकडे पाहिलं.

“तहान लागलीय का, तेवढं बोल.”