जिथे ऊन लागत नाही

फार फार वर्षांपूर्वी, जेव्हा वेळ कळायला सूर्य आणि अंतर कापायला पाय एवढंच माणसापाशी होतं, तेव्हाची ही गोष्ट. एका सपाट माळावर एक गाव होतं. गावात झाडं मोजकी, विहिरी खोल आणि ऊन मात्र हवं तेवढं.

त्या गावात एक बाई राहायची. तिचं खरं नाव काय होतं कोण जाणे. सगळे तिला कुरडईआक्का म्हणत, आपणही तेच म्हणू. आक्काला नवरा राहिला नव्हता, मूल झालं नव्हतं. होतं ते एक मोठं अंगण. माघ सरला की त्या अंगणात कुरडया, पापड, सांडगे असं वाळवण पडायचं, आणि आसपासच्या दहा गावांतल्या लग्नाच्या पंगती त्यावर निभायच्या.

उन्हाची पारख आक्काइतकी कुणालाच नव्हती. अंगणात एक काळा सपाट दगड होता. सकाळी त्यावर तळहात ठेवून ती सांगायची, "आज पापडाचं ऊन आहे. कुरडईचं उद्या पडेल." पापडाला मऊ ऊन चालतं, कडक उन्हात तो रुसून वाकडा होतो. कुरडईला मात्र रणरणतंच लागतं. आक्काचा अंदाज कधी चुकला नाही.

पापडाच्या दिवशी ती ओट्यावर उभी राहून हाक द्यायची, "पापड लाटायला या गंऽऽ!" हाक शेवटच्या घरापर्यंत जायची. बायका आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन यायच्या. रीत अशी, की आधी प्रत्येकीनं पापडाच्या पिठाची एक लाटी तेलात बुडवून तोंडात टाकायची आणि मगच लाटणं हातात घ्यायचं. मग दिवस मावळेपर्यंत जी बडबड चालायची, तिच्यात गावातलं एकही घर सुटायचं नाही. समोरची कुंभारीण सगळ्यात आधी यायची आणि सगळ्यात शेवटी जायची.

असं सगळं असूनही आक्काला एक दुःख होतं. ज्या उन्हावर तिचं पोट होतं, तेच तिला सोसत नव्हतं. वैशाख आला की तिच्या नाकाचा घोळणा फुटायचा. डोक्यावर कांदा ठेव, कैरीचं पन्हं पी, काही केलं तरी रक्त थांबायचं नाही. "या गावात माणूस राहतं की भट्टीत घातलेलं मडकं?" असं ती चिडून म्हणायची, आणि कुंभारीण हसायची.

एका वैशाखात डोंगरावरच्या गावाची जत्रा आली. आक्का कुरडयांच्या पाट्या गाडीत घालून जत्रेला गेली आणि तिथे आठ दिवस राहिली.

काय सांगावं ते गाव! भरदुपारी झुळूक. जांभळीच्या गर्द सावल्या. आणि माणसं घरात टिकतच नव्हती. कुणी झाडाखाली सोंगट्या मांडून बसलेलं, कुणी झऱ्याकाठी शिदोरी सोडलेली, संध्याकाळी तर सगळं गाव कड्यावर मावळता सूर्य बघायला जायचं. जो भेटेल तो आक्काला म्हणायचा, "इथे ऊन लागत नाही हो!"

आठ दिवसांत तिचं नाक एकदाही फुटलं नाही. शेवटच्या दिवशी तिनं एका म्हाताऱ्या लाकूडतोड्याला विचारलं. तो त्याच डोंगरावर जन्मलेला होता. "बाबा, कसं आहे तुमचं गाव?"

म्हातारा मोळी खाली ठेवत म्हणाला, "काय सांगू बाई. इथं ऊन लागत नाही."

आक्का खुश झाली. अजून काय हवं होतं? गावाच्या टोकाला एक घर रिकामं होतं. ज्याला हवं त्यानं राहावं, असं गावानं सांगितलं. ते घर रिकामं का, हे मात्र आक्कानं विचारलं नाही.

परत आल्यावर तिनं कुंभारणीला सगळं सांगितलं. कुंभारीण ऐकत राहिली आणि म्हणाली, "आक्का, आषाढात एकदा जाऊन ये. थंडीत जाऊन ये. मग हे घर मोड."

"तुला माझ्यावाचून करमायचं नाही, म्हणून म्हणतेस तू."

"नाहीच करमायचं," कुंभारीण म्हणाली. "पण ते वेगळं आणि हे वेगळं."

आक्काला ते लागलं. आपलं भलं हिला बघवत नाही, असं तिच्या मनानं घेतलं. तिनं घर आणि अंगण गावातल्या तेल्याला देऊन टाकलं आणि त्याच्याकडून गाडी, बैल आणि वर्षाचं धान्य घेतलं. ज्येष्ठ लागता लागता ती निघाली. गाडी समोरून गेली तेव्हा कुंभारीण दारात उभी होती. आक्कानं बैलांवरची नजर हलवली नाही.

डोंगरावरचे पहिले दहा-बारा दिवस सुखात गेले. आक्का सोंगट्यांच्या डावाला बसली, कड्यावर गेली, दोन-चार जणींशी तिची चांगली गट्टी जमली. आता यांनाच पापड लाटायला बोलावू, असं ती मनात ठरवत होती.

मग एका सकाळी तिला गाड्या जुंपलेल्या दिसल्या. सोंगट्या खेळणारी एक बाई गाठोडी बांधत होती.

"कुठे निघालात?" आक्कानं विचारलं.

"घरी! ढग आले ना खालून."

"घरी? मग हे घर कुणाचं?"

बाई हसली. "हे घर नव्हे हो, ही उन्हाळ्यापुरती सावली. पावसात इथे कोण राहतं?"

दोन दिवसांत रस्ते ओस पडले. जांभळीखाली फक्त सोंगट्यांच्या पटाची खडूनं काढलेली घरं उरली, ती पावसानं पुसून टाकली. मागे राहिली सात-आठ घरं, एकमेकांपासून लांब लांब. त्यांनी भिंतींना गवताच्या पेंढ्या बांधल्या, दारं लावली, आणि ती घरंही धुक्यात गेली.

आक्का खचणारी बाई नव्हती. तिनं गहू भिजत घातले, तिसऱ्या दिवशी वाटून चीक काढला, शिजवला आणि घरातच बाजेवर कुरडया घातल्या. पहिल्या दिवशी त्या ओल्या होत्या. दुसऱ्या दिवशी आंबूस वास आला. चौथ्या दिवशी त्यांच्यावर हिरवी लव धरली. चाळीस वर्षांत तिच्या हातची एक कुरडई फुकट गेली नव्हती. तिनं सगळ्या पाट्या दरीत ओतल्या. दरी दिसतही नव्हती.

सवयीनं ती रोज सकाळी दारातल्या दगडावर तळहात ठेवायची. दगड कायम गार आणि शेवाळलेला. कुठल्याच वाळवणाचं ऊन नव्हतं.

एक दिवस तिला फारच एकटं वाटलं. पापड वाळणार नाहीत हे ठाऊक असूनही तिनं उडदाचं पीठ घेतलं, हिंग घातला, मिरी घातली, कुटून कुटून गोळा मऊ केला. मोजून बारा लाट्या केल्या, तेलात बुडवून ताटात मांडल्या. मग दार उघडून धुक्यात हाक दिली, "पापड लाटायला या गंऽऽ!"

हाक चार पावलंही गेली नसेल. आक्कानं पुन्हा हाक दिली, घसा बसेपर्यंत दिली. कुणीही आलं नाही. तिनं दार लावलं, रितीप्रमाणे एक लाटी तोंडात टाकली. ज्या उन्हाला ती इतकी वर्षं शिव्या घालत होती, त्या उन्हानंच आपल्या दारात माणसं आणली होती, हे तिला तेव्हा कळलं. ती पोळपाटापाशी बसून ओक्साबोक्शी रडली.

श्रावणात सरपण इतकं भिजलं की चूल पेटेना. दोन दिवस तिनं कच्चं धान्य चावलं. तिसऱ्या दिवशी दुपारी तिला हुडहुडी भरली. घरात कोरडं लाकूड म्हणून पोळपाट-लाटणं तेवढं उरलं होतं. तिनं लाटणं हातात घेतलं. ते तिच्या सासूनं दिलेलं, हजारो पापडांचं तेल प्यालेलं. तिनं डोळे मिटून ते चुलीत सारलं. चटकन पेटलं. पाठोपाठ पोळपाट गेलं.

आग चांगली धरली तेवढ्यात दार वाजलं. बाहेर तोच लाकूडतोड्या उभा होता, पाठीवर घोंगडी आणि घोंगडीखाली कोरडी मोळी.

"धुराला हिंगाचा वास आला," तो म्हणाला. "म्हटलं, पापड भाजतंय की काय कुणी."

"पापड नाही, बाबा. लाटणं जळतंय."

म्हातारा चुलीकडे बघत मोळी टाकून बसला. "सरपण नव्हतं तर सांगायचं नाही का?"

"हाका मारल्या. घसा फोडला मी."

"हाक? हाक कुठं पोचती धुक्यात? इथं थाळी वाजवायची, बाई. थाळीचा आवाज जातो. सगळ्या डोंगराला म्हाईत आहे." मोळी सोडत तो म्हणाला, "पण तुम्हाला कोण सांगणार? तुम्ही विचारलंच नसंल कुणाला."

"विचारलं होतं! तुम्हालाच विचारलं होतं. तुम्हीच म्हणालात, इथे ऊन लागत नाही."

"म्हणालो की. काय खोटं बोललो?" म्हातारा म्हणाला. "ते खालचे लोक म्हणतात तेव्हा ती तारीफ असती. आम्ही म्हणतो तेव्हा ती रड असती. धान्याला ऊन लागत नाही, लाकडाला लागत नाही, माणसाच्या हाडाला लागत नाही. मी रडत हुतो आणि तुम्ही हसत निघून गेलात."

उन्हाचा शब्द उन्हाच्या जाणकार बाईलाच कळला नव्हता.

"मग तुम्ही का राहता इथे?" तिनं विचारलं.

"मी खाली राहून बघितलंय. बायको गेल्यावर एक सबंध वर्ष, सगळे ऋतू काढले. तिथली माणसं चांगली, पण मला ती काहिली सोसंना. मग इथलं एकटेपण पत्करलं. म्हाईत करून घेऊन पत्करलं, म्हणून ते जड जात नाही." तो उठला. "उद्यापासून सांजच्याला थाळी वाजवा. मीबी वाजवीन. दोघं जिवंत आहोत एवढं तरी कळंल."

त्या दिवसापासून पावसाळा सरेपर्यंत आक्का रोज संध्याकाळी थाळी वाजवायची, आणि धुक्याच्या पलीकडून दुसरी थाळी वाजायची. डोंगरावर तिला तेवढीच सोबत होती.

आश्विनात वाट मोकळी झाली तशी ती खाली उतरली. माळावरचं ऊन पाठीवर पडलं आणि तिचे डोळे भरून आले. पण गावात शिरल्यावर तिला आपलं अंगण ओळखू येईना. अंगणाच्या मधोमध तेल्याचा घाणा उभा होता, बैल गोल गोल फिरत होता. घाणा मोडायला ती सांगू शकत नव्हती. जागा तिनं आपल्या हातानं दिली होती.

कुंभारीण मडकी थापत होती. तिनं मान वर केली, आक्काकडे बघितलं, आणि एवढंच विचारलं, "लाटणं आणलंस का?"

"जाळलं."

कुंभारणीनं हात पुसले. आत जाऊन आपलं जुनं लाटणं आणलं आणि आक्काच्या हातात ठेवलं. आषाढाचा विषय तिनं काढला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. कुंभाराच्या भट्टीला लागून एक खोली होती, ती तिनं आक्काला दिली. भर वैशाखात त्या खोलीइतकी गरम जागा गावात दुसरी नव्हती. आक्काचं नाक फुटायचं, ती कांदा लावायची आणि चकार शब्द काढायची नाही.

पुढचा माघ सरला. गावाला पापड तर हवेच होते, आणि आक्का परतायच्या आधीच गावानं या हंगामाची सोय ठरवून टाकली होती. एका सकाळी मऊ ऊन पडलं. आक्कानं सवयीनं भट्टीच्या दगडावर तळहात ठेवला, आणि तेवढ्यात तिच्याच जुन्या ओट्यावरून, तेलिणीच्या आवाजात, हाक आली, "पापड लाटायला या गंऽऽ!"

चाळीस वर्षं जी हाक तिनं दिली होती, ती आता तिला ऐकावी लागत होती. आक्का उठली. दुसरीचं लाटणं पदराखाली घेतलं आणि बाकीच्या बायकांच्या मागून, आपल्याच अंगणात पाहुणी म्हणून गेली.

म्हणून लहानथोरांनो, एवढं ध्यानात असू द्या: ज्या गावाचा एकच ऋतू पाहिला, त्या गावासाठी सगळ्या ऋतूंत साथ दिलेलं घर मोडू नये.